दोन पाचरी

प्रभुभोजनासाठी केलेलं नवं मेज चर्चमध्ये डुगडुगलं, आणि दोन सुतार भावांचं बोलणं बंद झालं.

त्यांच्या दुकानात कामाची वाटणी जुनीच होती. थोरल्यानं वरचा तक्ता करायचा, धाकट्यानं पाय. दोघांचं काम एकमेकांत असं बसायचं की सांधा शोधून सापडू नये. या खेपेला मात्र पाळकांनी कौतुकानं मेजावर हात टेकला आणि ते एका बाजूला कललं.

"पाय आखूड झालाय," थोरला म्हणाला.

"तक्ता वाकडा आहे," धाकटा म्हणाला.

पाळक काहीतरी सांगू बघत होते, पण ऐकतो कोण? दोघांनी त्यांच्यादेखत एकमेकांची लहानपणापासूनची बिघडलेली कामं उकरून काढली. दुकानात परतल्यावर धाकट्यानं आपले रंधे आणि पटाश्या पेटीत भरल्या. "रविवारची उपासना झाली की मी वेगळं दुकान मांडतो," म्हणाला आणि पेटी उचलून चालता झाला.

थोरल्याला घास गोड लागेना. धाकट्याशिवाय दुकान म्हणजे नुसता भुसा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण नाक खाली येईल तर शपथ.

"तक्ता तपासून पाहिलात का?" बायकोनं विचारलं.

"मला तपासायची गरज काय?"

"मग जेवा गुपचूप. तक्ता राहील सरळ, भाऊ जाईल."

ते त्याला चांगलंच झोंबलं. दुसऱ्या दिवशी तक्त्याच्याच उरलेल्या लाकडातून त्यानं एक छोटी पाचर काढली. मेजाच्या पायाखाली सारायची आणि चूक आपली म्हणायचं, मग ती असो वा नसो. पाचर त्यानं घासूनपुसून अशी चकचकीत केली की बघणाऱ्यानं बघतच राहावं.

रविवारी उपासनेला कोणी यायच्या आत तो चर्चमध्ये शिरला, मेजाखाली वाकला, आणि त्याचं डोकं कुणाच्या तरी डोक्यावर दाणकन आपटलं. समोरच्या कोपऱ्यातून धाकटाही वाकला होता. त्याच्याही हातात पाचर होती.

"दादा, पाय आखूड होता. माझं चुकलं," धाकटा कपाळ चोळत म्हणाला.

"छे, तक्ताच वाकडा होता. माझं चुकलं."

"पाय मी केलेत, मला कळतं ना."

"आणि तक्ता काय शेजाऱ्यानं केला?"

दोघांनी आपापल्या कोपऱ्यात पाचरी सारल्या. मेज पूर्वीसारखंच डुगडुगलं. आता एकानं आपली काढायला हवी होती.

"तू काढ."

"तू काढ ना. चूक माझी आहे म्हणतोय तर."

आवाज चढले तसे पाळक आतून धावत आले. "आता काय झालं?"

"हा मला माझी चूक कबूल करू देत नाही," थोरला तावातावानं म्हणाला आणि स्वतःचंच बोलणं ऐकून थबकला. त्याची नजर पाचरीवर गेली. मेजाखालच्या अंधारातही ती चमकत होती. वाकलो, तेही लोकांनी बघावं म्हणून! त्याला मनापासून लाज वाटली. त्यानं आपली पाचर ओढून खिशात टाकली.

"तुझीच राहू दे," तो म्हणाला. मेज लगेच स्थिर झालं.

पाळक हसू दाबत खाली बसले आणि फरशीवर हात फिरवून म्हणाले, "अरे बाबांनो, इथली फरशीच खचलीय. त्या दिवशी तेच सांगत होतो."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघंही तिथंच मेजाखाली बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

उपासना झाल्यावर धाकटा आपली जड पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून दुकानाशी आला. दार ढकलायला हात मोकळा नव्हता. पण दार आधीच सताड उघडं होतं, आणि ते मिटू नये म्हणून त्याच्याखाली एक चकचकीत पाचर सारलेली होती.