ताई आली

आमच्या क्लबात बॅडमिंटन स्पर्धेचा ड्रॉ, म्हणजे कोणाची मॅच कोणाशी त्याचा तक्ता, लागला की सगळे आधी एकच गोष्ट शोधतात: मला ताई आली का?

ताई म्हणजे मी. ताई येणे म्हणजे पहिल्या फेरीत बाय मिळणे, न खेळता पुढे जाणे.

याचं मूळ त्या वर्षी, ज्या वर्षी मुलगी पोटात होती. तोवर ड्रॉ खडूने फळ्यावर निघायचा आणि दुपारपर्यंत कोणाच्या तरी पाठीला लागून पुसला जायचा. मी ऑफिसात दिवसभर एक्सेलच करते, म्हणून हौसेने शीट बनवलं. निकाल टाकला की जिंकणाऱ्याचं नाव आपोआप पुढच्या फेरीत जायचं. फक्त नावं कमी पडली की रिकाम्या चौकोनाशी शीट अडायचं. काहीतरी नाव हवं होतं. नवरा क्लबाचा सेक्रेटरी. तो म्हणाला, "तुझंच टाक. तू यंदा कुठे खेळणार आहेस?"

मीही हसले आणि टाकलं. ताईच्या समोर जो असेल तो पुढे जाईल, असा फॉर्म्युलाही लिहिला. मी त्याच्या वाक्यातल्या 'यंदा'कडे लक्ष ठेवून होते, बाकीच्यांनी तो शब्द ऐकलाच नाही. मुलगी आता माझ्यापेक्षा उंच झाली आहे आणि माझं 'यंदा' अजून संपलेलं नाही.

म्हणजे कोणी मला अडवलं असं नाही. अडवलं असतं तर भांडले असते, भांडणात मी कमी नाही. पण दर वर्षी स्पर्धेच्या आधी कोणीतरी यायचं आणि म्हणायचं, "ताई, तुम्ही आहात म्हणून चाललंय हो." अशा माणसाशी कसं भांडणार? एकदा मी शीट दुसऱ्या कोणाला शिकवायचं ठरवलं. तीन जण शिकायला बसले, तिघांनाही चहानंतर महत्त्वाची कामं आठवली. आपण होऊन दगडाखाली हात घातला आणि वर सगळा क्लब त्या दगडावर बसला, अशी गत.

खेळत होते मी. सकाळी सहाला, कोर्ट रिकामं असताना, नाहीतर भिंतीशी. माझा बॅकहँड बरा आहे. हे मीच सांगते, कारण दुसऱ्या कोणी तो पाहिलेला नाही.

या वर्षी महिला एकेरीत पंधरा नावं आली. सोळावी जागा रिकामी. मी तिथे माझं नाव लिहिलं आणि त्या ओळीतला फॉर्म्युला काढून टाकला. जेवताना नवऱ्याला सांगितलं, "महिला एकेरीत मी नाव टाकलंय."

"बरं," तो म्हणाला. "टाकावंच लागेल ना, पंधराच आहेत."

"तसं नाही. मी खेळणार आहे."

"हो हो," तो म्हणाला आणि दह्याचं भांडं पुढे ओढलं. मला वाटलं, त्याला कळलं.

ड्रॉची लिंक सगळ्यांना गेली. माझी मॅच बँकवालीशी पडली. ही बँकेत कॅशियर, सडपातळ, लांब हातांची, मागच्या वर्षीची उपविजेती. ग्रुपवर लगेच तिचं अभिनंदन सुरू झालं: 'नशीबवान आहेस! ताई आली!' मी खाली लिहिलं, 'यंदा ताई खरंच खेळणार आहे.' त्यावर हसणारे चेहरे आले. एकाने लिहिलं, 'ताईंचा विनोद!' कॉम्प्युटरला एका ओळीत समजलं होतं. माणसांचा फॉर्म्युला कुठे असतो आणि कसा काढतात, ते मला माहीत नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी मी सकाळपासून नेहमीच्या खुर्चीत होते. दाराजवळ, प्लगपाशी, शटलच्या खोक्यांना खेटून. फरक एवढाच की पायात खेळायचे बूट होते आणि टेबलाखाली रॅकेट. मॅच संपली की पंच चिठ्ठी आणून देणार, मी निकाल टाकणार, सगळ्या हॉलचे फोन पुढची जोडी दाखवणार. माझ्या मॅचची वेळ झाली तेव्हा टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग होता आणि समोर रांग. दोन नंबरचं कोर्ट आमचं. पंचकाकांनी, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तरांनी, शीट पाहिलं आणि पुकारलं, "दोन नंबरला बाय! पुढची मॅच!"

"काका, बाय नाही! माझी मॅच आहे!" मी ओरडले.

"तुमची कशी? तुम्ही इथे बसलात ना," काका म्हणाले. त्यांचंही खरंच होतं.

रांगेतला एकजण म्हणाला, "ताई, आधी आमचा निकाल टाका ना, आमची पुढची मॅच अडलीय." खुर्ची सोडली तर स्पर्धा थांबणार, बसून राहिले तर मीच बाय होणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला भयंकर राग आला. तो कोणावर, ते ठरवायलाही वेळ नव्हता.

आजवर ते शीट सगळ्यांना फक्त बघता यायचं, बदलायचा अधिकार माझा एकटीचा. मी तो लिंक असलेल्या प्रत्येकाला देऊन टाकला. "ज्याचा निकाल त्याने टाका," असं सांगितलं आणि रॅकेट उचलली.

बँकवाली कँटीनमध्ये बसली होती, चहा आणि बिस्किटं घेऊन.

"चल, आपली मॅच आहे."

"कोणाशी?"

"माझ्याशी."

ती हसली. मग माझे बूट पाहिले, आणि कानापर्यंत लाल झाली. "अगं बाई. ताई, सॉरी हं." हातातलं बिस्कीट तसंच ठेवून ती उठली. त्या एका गोष्टीसाठी मी तिला जन्मभर वाईट काही म्हणणार नाही.

मॅच मी हरले. सतरा-एकवीस, पंधरा-एकवीस. पण दुसऱ्या गेममध्ये ओळीने चार पॉइंट घेतले, त्यातला एक बॅकहँडने, थेट रेषेवर. बँकवाली जागची हललीसुद्धा नाही. काका खुर्चीवरून म्हणाले, "वा!" काकांनी आजवर कोणाला वा म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मी घामाने निथळत होते, गुडघा ठणकत होता, आणि मला फार बरं वाटत होतं. बँकवालीने तिथेच फोन काढून स्कोअर टाकला आणि मला दाखवला. माझ्या नावापुढे पहिल्यांदाच आकडे होते.

चेहरा धुऊन परत येईपर्यंत शीटचा बाजार झाला होता. पुरुष दुहेरीच्या उपांत्य फेरीत एकच जोडी दोन्हीकडून खेळत होती. कोणी तरी अंतिम फेरीच्या चौकोनात 'पाणी संपलंय' असं लिहिलं होतं. रांग दारापर्यंत गेली होती. खुर्ची रिकामीच होती, त्या गर्दीतही कोणी तिच्यावर बसलं नव्हतं.

शेजारी नवरा उभा होता, खांद्यावर टॉवेल. लांबच्या कोर्टावर दुहेरी जिंकून नुकताच आला होता. मला पाहून त्याचा जीव भांड्यात पडला.

"अगं, कुठे गेली होतीस? इथे किती गोंधळ! पण मी थोडं निस्तरलंय हं," तो म्हणाला. शीटला त्याने कधी बोट लावलं नव्हतं, त्यामुळे आवाजात कौतुक होतं. "महिला एकेरीत कोणीतरी चुकून तुझ्यासमोर स्कोअर टाकला होता. मी काढला आणि बाय लिहिलं."

मी त्याच्याकडे पाहिलं. चेहरा धुतल्यावरही माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता, हातात रॅकेट होती. तो शीटकडे बघत होता.

"बरोबर केलं ना?" त्याने विचारलं.

मी खुर्चीत बसले. आधी सगळ्यांचा अधिकार काढून घेतला, त्याचाही. मग माझ्या ओळीत जाऊन त्याचं बाय पुसलं. सतरा-एकवीस. पंधरा-एकवीस. ते दोन्ही चौकोन लॉक केले.

"हे काय?" नवरा म्हणाला. आकडे वाचून मग तो हळूच माझ्या बुटांकडे पाहू लागला.

त्याला उत्तर द्यायला वेळ नव्हता, रांग मोठी होती. मी रॅकेट टेबलाखाली सरकवली आणि हाक मारली, "हं, कोणाचा निकाल राहिलाय?"