आमचा नाही

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे किडा म्हणतात. घरातली एक वस्तू त्याने धड राहू दिलेली नाही. कॉम्प्युटरवरचं चांगलं चालतं विंडोज काढून त्याने लिनक्स टाकलं, आणि वर मलाच व्याख्यान. "ताई, या व्हिडिओ कंपन्या आपल्या ब्राउझरमध्ये स्वतःचं कुलूप बसवतात. आत काय चालतं ते आपल्याला कळत नाही. मी ते बंद करून टाकलंय, आता त्यांचे कुलूपबंद व्हिडिओ तेवढे दिसणार नाहीत." म्हटलं, टाक बाबा. मला कुठे सिनेमे बघायचेत!

हा शहाणा बोगद्याच्या कामावर वायरमन. परवा बोगद्याचं तोंड ढासळलं आणि तो बाकीच्या कामगारांबरोबर आत अडकला. तिकडचा रस्ताही दरडीखाली गेलेला, त्यामुळे आम्हाला जाताही येईना. बाबा आणि मी घरात फोनसमोर बसून होतो. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन वाजला की ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे.

आज सकाळी बोगद्याच्या कंपनीतल्या बाईंचा फोन आला. ढिगाऱ्यातून एक पाइप आत पोचलाय, त्यातून कॅमेरा सोडणार आणि दुपारी घरच्यांना थेट दाखवणार. कुणी रेकॉर्ड करून जगभर फिरवू नये म्हणून व्हिडिओ कुलूपबंद, लिंक फक्त नातेवाइकांना. माझा फोन बटणांचा. मी कॉम्प्युटर लावला, बाबांना खुर्ची दिली, लिंक उघडली, तर नुसती काळी चौकट.

मला वाटलं, बोगदाच तो, अंधार असणार. बाबाही म्हणाले, "दिवा लावतील आता." आम्ही दोघं त्या काळ्याकडे डोळे फाडून बघत बसलो. चौकटीच्या बाजूला घरच्यांना लिहायला जागा होती. तिथे एकदम ओळ उमटली: "दिसले! आमचे हे दिसले! हात हलवतायत!"

त्यांना दिसतंय, म्हणजे आत उजेड आहे. आंधळे आम्हीच.

"किड्या, मेल्या, तुझं ते कुलूप!" असं ओरडले आणि लगेच जीभ चावली. असल्या वेळी मेल्या म्हणतात का कुणाला!

"काय झालं गं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. नेट हळू चाललंय."

किड्याचा एक मित्र आहे, त्याच पंथातला. त्याला फोन लावला. तो "एक मिनिट ताई, आठवतो" म्हणेपर्यंत बाजूला पुढची ओळ आली: "मागे भिंतीशी एकजण आडवा पडलाय, तो कोण?"

त्याच्याखाली: "आमचा नाही."

मग: "आमचे नाहीत. आमचे पुढे उभे आहेत."

मग: "आमचाही नाही, देवाची कृपा."

एकेक घर सुटत होतं आणि तो आडवा पडलेला माणूस आमच्या दाराशी येत होता.

"ताई, ऐकताय ना?" मित्र म्हणाला. "वर कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत, तिथून सेटिंगमध्ये जा. मग जनरल. मग खाली, खूप खाली. डीआरएम असं लिहिलेलं दिसेल, तेच ते कुलूप. त्याच्यासमोर टिक करा."

"नाही दिसत रे!"

"अजून खाली जा."

सापडलं. टिक केली. तर वर एक पट्टी आली: लागणारे भाग उतरवून घेत आहोत, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. थोड्या वेळाने! तुझ्या थोड्या वेळाला लागली आग!

खरं सांगू? तोंडाने शिव्या देत होते, पण मनात म्हणत होते, नाही उतरलं तरी चालेल. जोवर काळं आहे तोवर माझा भाऊ उभा आहे. मी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

बाबांनी माझं मनगट धरलं. मला वाटत होतं, ती बारीक अक्षरं त्यांना वाचता येत नसतील. त्यांनी सगळं वाचलं होतं.

"उघड," ते म्हणाले. "जे असेल ते बघू."

मी पान पुन्हा उघडलं. चिखल दिसला, दिव्याचा पिवळा उजेड, हेल्मेटं. आणि मागे भिंतीशी, अंगावर जाकीट टाकलेला एकजण. त्याचं तोंड पलीकडे होतं. बूट बघितले, तर सगळ्यांचे सारखेच. तेवढ्यात कॅमेऱ्याच्या अगदी जवळ चिखलाने भरलेलं एक नाक आलं.

"ताई! व्हिडिओ कुलूपबंद आहे म्हणे, तुला काळंच दिसत असणार. सेटिंगमध्ये जा, जनरल, मग खाली..."

अरे गाढवा, मला दिसत नसतं तर हे ऐकू तरी कुठून आलं असतं! मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना. "आहे, बाबा! बोलतोय!" मी बाबांच्या कानात ओरडले. बाबांनी पडद्यावर तळहात टेकवला.

कुणीतरी किड्याला बाजूला केलं, पुढच्याची पाळी होती. तो मागे गेला, त्या आडव्या माणसाशेजारी बसला आणि त्याचं जाकीट नीट करू लागला.

मी बाजूच्या जागेत लिहिलं, "आमचा नाही." केवढं हलकं वाटलं! लाज नंतर वाटली, आधी हलकंच वाटलं.

लगेच त्याच्याखाली नवी ओळ आली. "आमच्याकडे सगळं काळं दिसतंय. कॉम्प्युटर माझ्या मुलाच्या मित्राने बसवून दिलाय, तो कामावरचा वायरमन. काय करायचं, कुणी सांगेल का? माझा मुलगाही आत आहे."

'आमचा नाही' म्हणायचं हे एकच घर राहिलं होतं. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"विचारतेय ती," ते म्हणाले. "सांग."

मी लिहिलं, "काकू, घरात अजून कुणी आहे का? त्यांना आधी जवळ बोलवा."

"नाही गं. मी एकटीच आहे."

वर कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत, मी लिहायला लागले. त्यांच्यावर क्लिक करा.