दुप्पट दाबाची तपासणी

पाण्यापुढे माणसाचं काही चालत नाही, चालते ती फक्त चिकाटी. हे वाक्य पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचं असल्यामुळे त्याला वजन होतं. मात्र ते उच्चारताना तो माणूस स्वतःच्या घरामागे, ॲल्युमिनियमच्या जुन्या होडीखाली उताणा पडलेला होता आणि होडीतलं पाणी त्याच्या डाव्या कानात ठिबकत होतं.

खात्यात त्याला सगळे नाडीवैद्य म्हणत. रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली पाइप कुठे गळतोय ते सांगायचं, हे त्याचं काम. बत्तीस वर्षांत त्याचा अंदाज दोनदाच चुकला, आणि दोन्ही वेळा तो बायकोशी भांडून निघाला होता, असं तो सांगे. भांडण कशावरून झालं, ते बायको सांगे.

आता ती मागच्या खोलीत, खिडकीला लावलेल्या पलंगावर होती. डॉक्टरांनी तपासण्या थांबवल्या होत्या. "त्यांना आवडेल ते करू द्या," असं ते म्हणाले. डॉक्टर असं बोलायला लागले की काय समजायचं ते सगळ्यांना समजतं. पाच-सहा आठवडे, हे त्यांनी दाराबाहेर येऊन सांगितलं. काय आवडेल, असं विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, "होडीत बसायला."

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घेतलेली ती चौदा फुटी होडी एकोणीस वर्षं घरामागे पालथी पडून होती. तिच्यावर कुंड्या ठेवत. त्यानं ती सुलटी केली, जुना रंग खरवडला, डांबराचे थर काढले आणि गळती शोधायला घेतली. दोन टोकांना दोन बाकं लावून होडी वर चढवायची, नळीनं आत पाणी भरायचं, आणि खाली पडून जिथे थेंब दिसेल तिथे तेलकट लाल खडूनं खूण करायची. मग पाणी सोडून द्यायचं आणि खुणेवरचा, पत्रे जोडणारा रिव्हेट ठोकून घट्ट करायचा. रिव्हेटला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हातोडी मारतो, दुसरा आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो. दुसरा म्हणून मेहुणा आला होता. तो शाळेत भूगोल शिकवायचा, आणि खडूपेक्षा जड असं काही उचलण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता.

पहिल्या वेळी तेवीस खुणा झाल्या. चार दिवस ठोकाठोक केली. दुसऱ्यांदा पाणी भरलं.

"किती?" खिडकीतून आवाज आला.

"एकतीस."

"आधी तेवीस होत्या ना? अहो, दुरुस्त करताय की लागवड करताय?"

मेहुणा खो खो हसला. "ताई, पुढच्या आठवड्यात पीक काढू."

"तू ठोकळा नीट धर. लहानपणी शिडी धरायला सांगितली तर पतंग बघत बसायचास. माझं कोपर अजून वाकडं आहे."

तिसऱ्यांदा अडतीस झाल्या. मेहुण्यानं ठेचलेलं बोट तोंडातून काढलं.

"भावोजी, रागावू नका. होडीत पाणी बाहेरून येतं ना? मग आपण आतून काठोकाठ का भरतोय?"

"तपासणी नेहमीच्या दुप्पट दाबानं करायची. खात्याचा नियम आहे."

"अहो, पण टनभर पाणी झालं हे. आणि बाकं दोनच. मधे बघा, पोट सुटलंय तिचं."

त्यानं गुडघ्यांवर बसून, एक डोळा मिटून पाहिलं. होडी मधोमध खाली वाकली होती. गळती शोधता शोधता तो भाराखाली एकेक धड रिव्हेट सैल करत होता. त्यानं खडू खिशात ठेवला. पुन्हा बाहेर काढला. यात बारा दिवस गेले होते.

मग मधे आणखी तीन बाकं आली, पाणी घोट्यापर्यंतच भरलं जाऊ लागलं आणि खुणा कमी होऊ लागल्या. तीही कमी होत होती. आधी उशीला टेकून बसायची, मग आडवी पडूनच विचारू लागली, "किती?" पाय सुजले होते. "पाणी माझ्यातही भरतंय," एकदा म्हणाली, "पण मला ठोकायला कोणी येत नाही." बाहेर मेहुणा एक घट्ट रिव्हेट उगीचच पुसत बसला.

एका रविवारी सात उरल्या.

"आज जाऊ या," ती म्हणाली. "आज बरं वाटतंय मला."

"सात आहेत अजून."

"असू देत. काठाकाठानं जाऊ. पाव तास."

"गळकी वस्तू मी पाण्यात सोडत नाही. आठवडा दे मला."

भांडली असती तर कदाचित तो विरघळला असता. "बरं," एवढंच म्हणून तिनं कूस बदलली. तिला पटलं, याचं त्याला समाधान वाटलं.

शनिवारी शेवटची खूण पुसली. सांध्यांना लावलेला लेप वाळायला दोन दिवस लागतील, असं डब्यावर छापलं होतं, आणि छापलेलं तो पाळत असे. रविवारी दुपारी तो लेपाला बोट लावून बघत असताना मेहुण्यानं खिडकीतून "भावोजी" अशी हाक मारली आणि वळून बहिणीचे डोळे मिटले. लेप अजून ओला होता.

तीन आठवड्यांनी मेहुण्यानं टेम्पो आणला. इतकी मेहनत घेतली आहे तर एकदा सोडून तरी बघू, असं तो म्हणाला. दोघांनी होडी तळ्यावर नेऊन पाण्यात ढकलली. नाडीवैद्य आत बसला, त्यानं तळावरून पंजा फिरवला. कोरडा. तासाभरानं पुन्हा फिरवला. कोरडाच. मेहुणा चपला हातात घेऊन काठावर उभा होता. वल्ही टेम्पोतच राहिली होती, ती आणायला कोणी गेलं नाही.

धक्क्याला रोजच्या वापरातल्या अकरा होड्या बांधलेल्या होत्या. त्यांतल्या आठांच्या तळाशी वीतभर पाणी होतं.