लाल होता म्हणून

माझे बाबा बस चालवायचे. पहाटेच्या पहिल्या फेरीपासून दुपारपर्यंत त्या उंच सीटवर बसून. पोट असं की वळण घेताना स्टिअरिंग त्याला घासून जायचं. मी तिसरीत असताना मागच्या बाकावरचा एक चष्मेवाला सगळ्या वर्गासमोर म्हणाला, "हिच्या बाबांना पाय कशाला लागतात? ते तर बसूनच गावभर हिंडतात." वर्ग हसला. मी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "माझे बाबा धावतात. महिनाअखेरच्या शर्यतीत मेडल आणतात की नाही, बघच तू."

शर्यत पालक-मुलांची होती. एक मोठा, एक लहान, तीन किलोमीटर, आणि शेवटची रेघ दोघांनी मिळून ओलांडायची. पहिल्या शंभर जोड्यांना मेडल. आई काटक होती, जिना चढताना दोन-दोन पायऱ्या गाळायची. ती धावली असती तर मेडल आमच्या खिशात होतं. पण मला बाबांच्या पायांनी आणलेलं मेडल हवं होतं.

"अगं भिंगरे, मला दुसऱ्या मजल्यावर येईपर्यंत धाप लागते," बाबा म्हणाले.

मग मी वर्गात काय बोलून आले ते सांगितलं. त्यांनी पलंगाखालून जुने कॅनव्हासचे बूट ओढून काढले.

सराव डेपोत चालायचा. शाळा सुटली की मी तिथे जायचे. बाबांची ड्युटी संपलेली असायची, धुतलेल्या गाड्या ओळीने उभ्या असायच्या, आणि त्यांना वळसा घालत आम्ही धावायचो. ओल्या रबराचा आणि डिझेलचा वास यायचा. बाबांच्या गाडीवरचे कंडक्टरकाका एका बसच्या पायरीवर बसून ओरडायचे, "पुढे चला, पुढे चला, मागे जागा नाही!" दर फेरीला ते एका वापरलेल्या तिकिटाला पंचाने भोक पाडायचे. पहिल्या दिवशी दोन भोकं पडली, तिसऱ्या आठवड्यात अकरा. मधूनच बाबा एखाद्या गाडीला टेकून उभे राहायचे. "टायर बघतो जरा," म्हणायचे. मला वाटायचं, किती काळजी घेतात गाड्यांची! एरवी ते घरी यायचे, जेवायचे आणि झोपायचे. त्या तीन आठवड्यांइतके बाबा मला पुन्हा कधीच मिळाले नाहीत, आणि आजही कुठे डिझेलचा वास आला की मला उगाच आनंद होतो.

शर्यतीच्या दिवशी रस्ते वाहनांना बंद होते. बाबांचाच मार्ग होता, रोज सहा वेळा जायचे त्या रस्त्याने. पहिला किलोमीटर ते मला स्टॉप ओळखायला लावत होते. दुसऱ्यात बोलणं थांबलं. दोन किलोमीटरच्या खुणेपाशी एक बाई हातात वही घेऊन प्रत्येक जोडीला नंबर सांगत होत्या. आम्हाला म्हणाल्या, "एक्क्याण्णव! शाब्बास!"

एक्क्याण्णव! मला चष्मेवाल्याचं तोंड दिसायला लागलं.

पुढे मोठा चौक आला आणि बाबा थांबले. ब्रेक दाबल्यासारखे, जागच्या जागी. एका हाताने सिग्नलचा खांब धरला, दुसऱ्याने माझा खांदा.

"बाबा, काय झालं?"

"लाल आहे," ते म्हणाले.

"पण गाड्या कुठे आहेत?"

"लाल म्हणजे लाल."

ते मान वर करून, तोंड उघडं टाकून दिव्याकडे बघत होते. मी बघत होते ती पुढे जाणाऱ्या पाठींकडे. एक जोडी गेली, दोन गेल्या, पाच गेल्या. एक आजोबासुद्धा नातवाला घेऊन गेले आणि आमच्याकडे बघून हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांचा हात ओढला, चिमटा काढला, रडले. खांब काही त्यांनी सोडला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हिरवा झाला. चल."

आम्ही एकशे चौथे आलो.

"पुढच्या वर्षी मी आईबरोबर धावणार," मी म्हणाले.

"हो," ते म्हणाले. "आई चांगली धावते."

आणि मी खरंच आईबरोबर धावले. अडतिसावा नंबर आला. ते मेडल कुठे पडलंय, मला माहीत नाही.

बाबांचा किस्सा मात्र गाजला. डेपोत त्यांचं नावच 'सिग्नल' पडलं. डेपोचे साहेब नव्या ड्रायव्हरांसमोर त्यांना उभं करून सांगायचे, "हा माणूस पायी असतानासुद्धा लाल दिवा मोडत नाही!" टाळ्या पडायच्या आणि बाबा खाली बघायचे. मी आपलं त्याला विनय समजत आले. लग्नानंतर सासरीही मी हा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. दिव्याच्या काचेवरची धूळ, मधला तो लाल ठिपका, सगळं मला लख्ख आठवायचं.

गेल्या महिन्यात कंडक्टरकाका बाबांकडे पत्ते खेळायला आले होते. माझ्या लेकीला मी तोच किस्सा पुन्हा सांगत होते. काका पानं पिसता पिसता म्हणाले, "कुठला लाल गं? रस्ता बंद होता, चौकातले सगळे दिवे बंद ठेवले होते. बदललेला स्टॉप दाखवायला मीच उभा होतो की समोर." मग बाबांकडे बघून त्यांनी जीभ चावली आणि एकदम चहा मागितला.

काका गेल्यावर मी बाबांसमोर जाऊन बसले.

"बाबा, दिवा बंद होता?"

तीस वर्षांचं पितळ उघडं पडलं होतं. ते कॅटमधली पानं उगाच सरळ करत बसले.

"श्वासच मिळेना गं," ते म्हणाले. "डोळ्यांपुढे अंधारी आली. दमलो म्हटलं असतं, तर त्या पोराचं खरं झालं असतं. वर बघितलं, दिवा दिसला. तोंडातून निघून गेलं."

आठ वर्षांची ती मी, त्यांना चिमटे काढणारी, मला इतकी नकोशी झाली की मी तिथेच रडायला लागले. "मी तुम्हाला किती बोलले. आणि आईबरोबर धावणार म्हणाले..."

"ते राहू दे. दुसऱ्या दिवशी वर्गात काय सांगितलंस, ते सांग."

मी आठवून पाहिलं. "सांगितलं, माझे बाबा एक्क्याण्णववे होते. मेडल मिळणारच होतं. पण लाल दिवा लागला म्हणून थांबले."

"मग तो चष्मेवाला काय म्हणाला?"

"म्हणाला, तुझे बाबा वेडे आहेत."

"पण धावता येत नाही, असं म्हणाला?"

"नाही. पुन्हा कधीच नाही."

"मग!" बाबांनी पानं टेबलावर आपटली. डोळे माझ्यासारखेच भरले होते, पण चेहरा शर्यत जिंकल्यासारखा. "बंद होता, पण चालला की नाही दिवा?"