वन्संच्या छातीतले पहारेकरी

"तोंड मिटायचं, श्वास धरायचा, आणि टोपली वाऱ्याच्या तोंडावर फिरवायची. ढग पुढे सरकेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही."

सासूबाईंचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. खरं तर तो माझ्यासाठी नव्हता, माझ्या मोठ्या नणंदेसाठी, केलिनेस वन्संसाठी होता. मी डोंगरावरून या किनाऱ्यावर लग्न होऊन आले ती आपले नेम बरोबर घेऊनच. पहाटे गुडघ्यांवर प्रार्थना, शुक्रवारी सूर्य बुडेपर्यंत उपास, आणि पंखांचा किडा तोंडात घालायचा नाही, कारण पवित्र शास्त्रात मनाई आहे. देवाने घर दिलं ते नेमकं असं. अमावस्या उलटली की सरोवरावर चिलटांचा ढग उठतो, लांबून वाटावं पाणी पेटलंय. मग साऱ्या बायका आतून तेल लावलेल्या टोपल्या घेऊन धावतात. पकडलेली चिलटं कुटायची, मीठ घालून थापायची, निखाऱ्यावर भाजायची. झाली खुंगूची, म्हणजे या चिलटांची, वडी. काळी, जड आणि म्हणे चविष्ट.

"म्हणे," वन्सं हसायच्या. "बत्तीस वर्षं झाली, एलुबी, तुझं 'म्हणे' काही संपत नाही. शास्त्र लिहिणाऱ्याने वडी खाल्ली असती तर ते पान गाळलं असतं."

आमच्याकडे नणंद-भावजयीचं नातं थट्टेचंच. पुढे दोघींचे नवरे गेले आणि एका घरात आम्ही दोघीच उरलो, तेव्हा थट्टा जरा जास्तच झाली. मी आवाज चढवत नाही. वन्संचं म्हणणं, "हळू बोलतेस म्हणून लोकांना वाटतं तू बोलत नाहीस. थांबतेस कुठे पण?"

किनाऱ्यावर वन्संसारखी टोपली कुणाची फिरत नसे. आणि सहा वर्षांपूर्वी त्यांनाच दमा लागला. आधी ढगाच्या दिवसांत, मग त्या दिवसांच्या आगेमागे, मग बारा महिने. यंदा दोनदा तर त्यांचे ओठ राखेच्या रंगाचे झाले, तेव्हा त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे छातीचे रोगी म्सिस्काबाई बघतात. त्या डॉक्टर नव्हेत, पण आमच्याकडे डॉक्टरांचं काम त्याच करतात.

त्यांनी रक्त तपासलं. रक्तात एका जातीच्या पांढऱ्या पेशी शंभरात दोन-तीन असाव्यात, त्या वन्संच्या सतरा निघाल्या. या पेशी मुळात जंतांशी लढायला ठेवलेल्या, म्हणून आधी जंताचं औषध झालं. मग पुन्हा झालं. जंत एकही निघाला नाही, आणि पेशी सतराच्या सतरा.

"फौज आहे, शत्रू नाही," म्सिस्काबाई म्हणाल्या.

"मग लढतेय कुणाशी?" वन्संनी विचारलं.

"चिलटांशी, आई. ढगात उभं राहिलं की चिलटांची पूड श्वासाबरोबर आत जाते. तुमच्या शरीराने कधीतरी ती पाहिली आणि ठरवलं, हा जंत. लगेच तिच्या नावाचं वॉरंट काढलं. ते आता श्वासनळीच्या दारावरच्या प्रत्येक पहारेकऱ्याच्या हातात आहे. पूड दिसली की तो आपली पोतडी फोडतो, नळी आवळते, बोंब उठते, आणि मागून ही फौज येते. तिच्याजवळ विष असतं. जंत असता तर मेला असता. जंत नाही, म्हणून ते विष भिंतीवर पडतं."

"माझ्या भिंतीवर."

"तुमच्याच. भिंत सुजते, चिकट कफ भरतो. सहा वर्षं असं चाललं की भिंतच जाड होऊन बसते. आणि फौज एकदा पेटली की तिला चिलटच लागतं असं नाही. गार वारा चालतो, अत्तर चालतं, धूर तर फारच चालतो."

वन्संना हे पटेना. "अहो, जन्मभर मी तीच चिलटं खातेय. पोटाने कधी हूं केलं नाही."

"पोटाच्या दारावरचे पहारेकरी वेगळे. इथून येतं ते अन्न, असं ते लहानपणीच शिकलेत. छातीवाल्यांना ते कुणी कळवलं नाही."

"एका घराला दोन दारं, आणि आतली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत," वन्सं म्हणाल्या. "आमच्या चर्चच्या समितीसारखं."

त्या समितीची चिटणीस मी आहे. मी खाली पाहिलं. पण मनात, देवा क्षमा कर, जरा गोड वाटत होतं. बत्तीस वर्षं मी जे हळू आवाजात सांगत होते, ते आज रक्ताने सांगितलं होतं.

"म्हणजे दोष चिलटांचाच," मी म्हणाले.

"छे हो. चिलट बिचारं दोन दिवसांचा जीव. दोष पहाऱ्याचा. नको तितका कडक आहे." त्यांनी दोन पंप दिले. तपकिरी रोज दोन वेळा, पहारेकऱ्यांना शांत ठेवायला. निळा जीव कोंडला की. प्लास्टिकच्या बाटलीला भोक पाडून त्यातून कसा ओढायचा तेही दाखवलं. "ढगाजवळ जायचं नाही, धुरात बसायचं नाही. आणि घर हवेशीर ठेवा."

मी सगळं ऐकलं. पण घरी एकच शब्द घेऊन आले: चिलट.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. खिडक्यांना गोणपाट ठोकलं. छप्पर आणि भिंत यांच्यामधल्या फटी चिंध्यांनी बुजवल्या. वन्संच्या मैत्रिणी यायच्या त्यांच्या लुगड्यांना चिलटांचा वास असतो, म्हणून त्यांना अंगणातूनच परत पाठवलं. कुणाला वाईट वाटणार नाही अशा रीतीने. समितीत माझं तेवढं नाव आहे. टोपली आढ्याला टांगली.

"एलुबी, मला दमा आहे की मी तुरुंगात आहे?"

"तुमच्याच भल्यासाठी, वन्सं."

"पहारेकरीही तेच म्हणत असतील."

त्यांना वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. सासूबाईंनी जाताना त्यांचा हात धरून वचन घेतलं होतं, की दर वर्षीची पहिली वडी खडकापलीकडच्या लिडियाआजीला जाईल. एका वर्षी कसाव्याच्या कंदांचं पीक कुजलं, तेव्हा लिडियाआजीने स्वतःच्या मुलांच्या ताटातलं काढून या घराला जेवू घातलं होतं. सव्वीस वर्षांत वन्संचं एकही साल चुकलं नव्हतं.

"देव समजून घेईल," मी म्हणाले.

"देव घेईल. लिडियाआजी नाही घेणार. नव्वदीची झाली ती. दात गेले, डोळे गेले. वाट बघणं तेवढं शाबूत आहे. यंदा वडी आली नाही तर ती काय समजेल? मी मेले असं समजेल. आणि एलुबी, वडी दुसऱ्या घरची आणून दिली तर हाताने चाचपून ओळखेल. या घरचीच हवी."

मी विषय बदलला. विषय बदलणं मला चांगलं जमतं.

अमावस्येनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी ढग उठला. बायका गात गात खाली गेल्या. मी दार लावलं आणि शेवटचा बंदोबस्त केला. पत्र्याच्या डब्यात निखारे घेतले, वर निलगिरीची ओली पानं टाकली आणि डबा उंबऱ्याच्या आत ठेवला. माझी आई डोंगरावर असंच करायची, किडा फिरकत नसे. धुरात बसायचं नाही, हे मला आठवत होतं. पण धूर म्हणजे चुलीचा. हे तर औषध.

एकही चिलट आत आलं नाही. वन्सं खोकायला लागल्या. मी म्हटलं, छाती मोकळी होतेय. मग त्यांचा खोकला थांबला, आणि मी देवाचे आभार मानले. मग पाहिलं, तर गळ्याखालचा खळगा श्वासागणिक आत ओढला जात होता आणि बोटं गोणपाट ओरबाडत होती. मी निळा पंप दिला, दहा वेळा दिला. डबा बाहेर फेकला, खिडकीचं गोणपाट फाडलं. बाहेर ऊन होतं, हवा स्वच्छ होती. वारा फिरून ढग केव्हाच दक्षिणेला गेला होता. आमच्या किनाऱ्याला तो लागलाही नव्हता.

शेजाऱ्याची गाडी सुक्या मासळीने भरलेली होती, तिच्यातच पोत्यांना टेकवून वन्संना बसवलं. रस्ता खड्ड्यांचा. माझ्या तोंडी प्रार्थनेचा एक शब्द येईना. ज्या दिवसासाठी रोज पहाटे उठत आले, तो दिवस हाच. वन्संकडे उरलेला श्वास मोजकाच होता. तोही त्यांनी वाया घालवला.

"पहिली वडी," त्या म्हणाल्या. पुढचा शब्द बऱ्याच वेळाने आला. "लिडिया."

"मी नेईन. मी स्वतः धरेन, मी करेन, मी नेईन. देवाशपथ. तुम्ही श्वास घ्या फक्त."

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, सुई दिली. ओठांचा रंग परतला तशा म्सिस्काबाई माझ्याकडे वळल्या.

"चिलटं आली होती का घरात?"

"एकही नाही."

त्यांनी माझ्या लुगड्याचा वास घेतला. "मग हे काय?"

मी सांगितलं. गोणपाट, चिंध्या, डबा, सगळं. त्या रागावल्या नाहीत. कागदावर काहीतरी लिहिलं आणि दुसऱ्या खाटेकडे गेल्या. माझ्यासारख्या पहारेकऱ्याला जे सांगायचं ते त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी त्या वेळी फक्त 'चिलट' ऐकलं होतं.

तिसऱ्या दिवशी वन्सं उठून बसल्या आणि कसाव्याच्या उकडीचा मोठा गोळा मासळीच्या कालवणाबरोबर त्यांनी संपवला.

"तू शपथ घेतलीस," बोटं चाटत त्या म्हणाल्या. "माझी छाती बंद होती. कान उघडे होते."

"घेतली."

"टोपली येते फिरवता?"

"सासूबाईंनी तुम्हाला सांगितलेलं ऐकलंय. तोंड मिटायचं."

"तिथेच तुझी पंचाईत होणार." त्या हसल्या, हसता हसता थांबल्या आणि निळा पंप ओढला. मग म्हणाल्या, "आणि मीठ. भाजायच्या आधी कच्चा गोळा चाखावा लागतो. त्याशिवाय मीठ कळत नाही."

"वन्सं, माझा नेम."

"नेम तुझा आहे. वडी लिडियाआजीची आहे. अळणी नेलीस तर वर गेल्यावर ती आईला सांगेल. मग तुम्ही तिघी बघून घ्या."

पुढच्या अमावस्येआधी मी वन्संना डोंगरावर माझ्या भावाकडे पोचवून आले. तिथे सरोवर दिसतं, पण ढग पोचत नाही. तपकिरी पंप दोन वेळा, खिडकी उघडी, आणि आल्यागेल्याला अडवायचं नाही, असं वहिनीला बजावलं. तिथला चुलीवरचा स्वयंपाक मागच्या पडवीत हलवला. मग आणखी बंदोबस्त न करता हात आवरता घेतला, जरा कष्टाने.

परत आल्यावर घरातल्या उरलेल्या चिंध्या फटींतून काढल्या. अमावस्येनंतर दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या सकाळी पहाटेची प्रार्थना संपवून बाहेर आले, तर पाण्यावर राखाडी खांब उभा होता, अगदी हळू आमच्या बाजूला झुकत. वार पाहिला. शुक्रवार नव्हता. मी आढ्यावरून टोपली काढली, आतून तेल चोळलं. मिठाची पुरचुंडी कनवटीला खोचली. चाखायचं की नाही ते ठरलं नव्हतं. अजून बरंच काम मध्ये होतं.

वाटेत वन्संच्या मैत्रिणी भेटल्या, ज्यांना मी अंगणातून परत पाठवलं होतं त्याच. माझ्या हातातली टोपली बघून एक म्हणाली, "चिटणीसबाई, आज समिती पाण्यात भरणार वाटतं." बाकीच्या हसल्या. मला उत्तर सुचलं होतं, पण ढग जवळ आला होता. मी तोंड मिटलं आणि त्यांच्या मागोमाग पाण्याकडे निघाले.