श्वास घेणारी मसूर

कळंबला छबूबाईंच्या ओसरीवर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कशी असेल? दगड श्वास घेणार होता! गर्दीत माणसांचेच श्वास कोंडले होते, पण त्याची फिकीर कुणाला?

मसुरेश्वर महाराजांनी तळहातावर एक चपटी, गोल चकती धरली. दिसायला मसुरीचा दाणा, आकार बटणाएवढा. "देवीच्या सुपातनं सांडलेली डाळ! तुमच्याच विहिरीच्या तळाला दगड व्हून पडलीवती. तीर्थ पडलं की श्वास घेती, बघा!"

तांब्यातले थेंब पडले. चकती फसफसली.

"आली! देवी आली!" म्हणत गर्दीतल्या गेणबानं पुढच्याच्या पाठीवरच लोटांगण घातलं.

या चकतीची पूड दुधातून घ्यायची. मुतखडा, फिट, कोर्टातली तारीख, सगळ्यावर एकच डोस. फक्त डॉक्टरच्या गोळीला शिवायचं नाही. देवीचं व्हायब्रेशन म्हणे बिघडतं.

छबूबाईंची सून अंजली दारात उभी होती. तिची लेक पायल फिटच्या गोळीवर छान शाळेत जायची. महाराज आल्यापासून मात्र गोळी थुंकायला लागली. "देवी कोपंल," एवढंच म्हणायची. आणि काल अंगणात खेळता खेळता कोसळली.

लग्नाआधी अंजली पुण्यात भूशास्त्र शिकली होती. नामशेष झालेल्या जिवांची कवचं बघून त्यांची जात ठरवायची, हे तिचं काम. असली 'डाळ' तिनं कच्छच्या डोंगरात ओंजळीनं वेचली होती.

"महाराज, तीर्थाला लिंबाचा वास येतोय."

"श्रद्धेचा वास हाय तो, बाई."

अंजलीनं तांब्या उचलला आणि उरलेलं तीर्थ ओसरीच्या शहाबादी फरशीवर ओतलं. फरशीवर बारीक बुडबुडे उठले.

"अगं, डाग पडंल!" छबूबाई सवयीनं ओरडल्या. लिंबू सांडलं की रोजच ओरडत. मग स्वतःच वाकून बुडबुडे बघायला लागल्या.

"आत्या, हिच्यावर आपण चिखलाचे पाय धुतो. हीसुद्धा देवीच का? ही फरशी चुनखडीची, ती चकतीही चुनखडीची. चुनखडीवर आंबट पडलं की वायू निघतो, एवढंच." मग तिनं विहिरीचा काळा दगड आणून त्यावर लिंबू पिळलं. दगड ढिम्म. "आपली जमीन लाव्ह्याची. तिच्यात ही चकती सापडायचीच नाही. बाहेरून आणलीय."

"कोप हुईल!" महाराज गरजले.

अंजलीनं त्यांच्या तळहातावरची चकती उचलली, आत नेऊन सांडशीत धरून गॅसवर तापवली, गार पाण्यात टाकली, बत्त्यानं हलकेच ठोकली. चकतीची दोन शकलं झाली.

"पायल, बघ."

दाराआडून पायल पुढं आली, वाकली. "चक्रीवानी हाय! आत बारक्या बारक्या खोल्या!"

"डाळीत खोल्या असतात का गं? या खोल्यांची रांग बघूनच जात ओळखतात. याचं नाव न्युम्युलाइट. समुद्रातला एकाच पेशीचा जीव. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्यानं हे घर बांधलं, आणि मेला."

"म्हंजी हितं देवी न्हाय?"

"न्हाय गं. रिकामं घर हाय."

पायलनं महाराजांकडं पाहिलं. "मग कोपणार कोण?"

महाराजांना अचानक माळेगावचा कार्यक्रम आठवला आणि ते लगबगीनं निघाले.

"बाबांनो, फसफसणारा दगड बघितला की आधी तांब्याचा वास घ्या," अंजली गर्दीला म्हणाली. "विचारल्यानं कुणी कोपत नाही. गोळी बंद केली की लेकरू मात्र पडतं."

छबूबाई उठल्या, आतून पाण्याचा पेला घेऊन आल्या. पायलनं हात पुढं केला.

"दे गं आई गोळी."