फाटकाच्या बाजूची गाडी

सेक्रेटरींनी माझ्या पुठ्ठ्याच्या आगगाडीचा एक डबा उचलला, उलटा फिरवला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, ही बाजू राहिलीय."

"राहिलेली नाही," मी म्हटलं. "तेवढीच आहे."

त्यांना वाटलं, मला कमी ऐकू येतं. मग त्यांनी आवाज चढवून सांगितलं, की या बाजूला खिडक्या आहेत, दारं आहेत, मुठी आहेत, पायरीवर चिखलसुद्धा आहे, आणि त्या बाजूला नुसता पुठ्ठा. दुसरा डबा फिरवला, तिसरा फिरवला, शेवटी इंजिन फिरवलं. सगळीकडे पुठ्ठा. माझी सूनबाई दाराला टेकून उभी होती, तिनं ओठ घट्ट दाबून धरले. आठ वर्षं ती कुणीतरी हे विचारण्याची वाट बघत होती.

आता सांगूनच टाकते. मी एकतीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर होते. एकेरी लाइन, दिवसातून चार वेळा गाडी, दोनदा वर आणि दोनदा खाली. फोन वाजला की फाटक लावायचं आणि चौकीसमोर हिरवा बावटा धरून उभं राहायचं. नियम असा, की गाडी निघून जाईपर्यंत फोनची बाजू सोडायची नाही. त्यात आमच्या लाइनच्या टोकाला इंजिन फिरवायची चकती नव्हती. इंजिन जाताना तोंडानं जायचं आणि येताना पाठीनं यायचं. डबे तर जसे जोडले तसेच ओढले जायचे. म्हणजे गाडी वर जावो की खाली येवो, मला तिची एकच कूस दिसायची. त्या बाजूचा खिळा न् खिळा मला तोंडपाठ होता. दुसऱ्या डब्याची तिसरी खिडकी अर्ध्यावर अडकायची, ती मी या पुठ्ठ्याच्या गाडीतही अर्ध्यावरच अडकवली आहे. पलीकडची बाजू मी पाहिलेली नाही, आणि जे पाहिलं नाही ते मी करत नाही. यात न कळण्यासारखं काय आहे?

"सुटीच्या दिवशी स्टेशनात जाऊन बघायची होती," असं सूनबाई एकदा म्हणाली होती. सुटीच्या दिवशी मला गाडीचं तोंडसुद्धा बघायचं नसायचं. तिच्या दुकानाला सुटी असली की ती जाते का दुकान बघायला?

लाइन बंद झाली, फाटकाच्या जागी रुंद रस्ता आला, आणि एका सकाळी माझी चौकी पाडली. यंत्राला वीस मिनिटं लागली. मी रडले वगैरे नाही. घरी आले, बुटांचा खोका फाडला आणि कात्री घेतली. बॉलपेनच्या रिफिलींचे पाइप झाले, शर्टाच्या बटणांचे डब्यांच्या टोकाचे बफर झाले, चहाच्या पुड्यातल्या चंदेरी कागदाची किटली झाली. रूळ तेवढे विकत आणले. सेक्रेटरी त्याला लेआउट म्हणतात, मी मांडणी म्हणते. कसंही म्हणा, माझं फाटक आता जगात तेवढ्या एका फळीवर उरलं आहे.

हे सेक्रेटरी म्हणजे जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळाचे. माणूस वाईट नाही, उत्साहाच्या भरात समोरच्याचं ऐकत नाही, एवढंच. त्यांच्या मंडळानं आमचं तेच इंजिन भंगारातून सोडवून चालतं केलं होतं. रविवारी ते जुन्या स्टेशनातून सुटणार, सहा किलोमीटर जाऊन परत येणार, आणि स्टेशनाच्या हॉलमध्ये प्रदर्शन. हॉलच्या मधलं मोठं टेबल त्यांनी माझ्यासाठी ठेवलं होतं.

"पण मधल्या टेबलाला लोक चारी बाजूंनी फिरतात," ते म्हणाले. "रविवारपर्यंत ही बाजू रंगवा. मी फोटो देतो."

"फोटोतली गाडी तुमची. ही माझी."

"मग भिंतीला लावून ठेवावं लागेल. तिकीट खिडकीच्या मागे जागा आहे."

तिकीट खिडकीच्या मागे काळं कुत्रंही फिरकत नाही. मला मधलं टेबल हवं होतं, खोटं कशाला बोलू? पाडलेली चौकी लोकांनी बघावी, थांबून बघावी, असं मला फार वाटत होतं. पण मी मान हलवली नाही.

ते गेल्यावर सूनबाई म्हणाली, "आई, दोन दिवसांचं काम आहे. मी रंगवून देते. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"तुमच्यापुढे हात टेकले," ती म्हणाली आणि फळी गुंडाळायला जुन्या चादरी शोधायला लागली. बोलेल, पण मदत सोडणार नाही. पोरगी सोन्यासारखी आहे, तिला तोंडावर सांगत नाही इतकंच.

शनिवारी दुपारी टेम्पोतून मांडणी हॉलमध्ये नेली. सेक्रेटरी एका म्हाताऱ्या गृहस्थांना घेऊन वाटच बघत होते. सत्तरीच्या आसपास वय, इस्त्रीचा शर्ट, हातात काठी, पण काठीवर भार नाही.

"हे या गाडीचे शेवटचे ड्रायव्हर," सेक्रेटरी विजयी मुद्रेनं म्हणाले. "बावीस वर्षं चालवलीय. आमच्याकडच्या इंजिनात ड्रायव्हरची जागा पलीकडच्या बाजूला. ते सांगतील, तुम्ही करा. आता तर झालं?"

मी त्या माणसाकडे बघतच राहिले. बावीस वर्षं दिवसातून चार वेळा आम्ही एकमेकांच्या समोरून गेलो होतो, आणि मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. माझ्या बाजूला कोळसा टाकणारा फायरमन असायचा.

"फायरमन ओरडायचा, फाटक हिरवं," ड्रायव्हर म्हणाले. "मी म्हणायचो, हिरवं. आणि दोन शिट्ट्या द्यायचो."

"दुसरी जरा लांबायची."

"पहिली नियमाची होती. दुसरी फाटकवाल्या दादांना." ते थोडे ओशाळले. "मला वाटायचं, कुणी दाढीवाला आडदांड गडी असणार. एकदाही उशीर नाही, एकदाही बावटा खाली नाही."

सूनबाई खो खो हसली. मलाही हसू आलं.

"फायरमननं कधी सांगितलं नाही?" मी विचारलं.

"तो कामापुरतं बोलायचा. हिरवं म्हणजे हिरवं."

त्यांनी इंजिन हातात घेतलं. माझ्या बाजूनं नीट पाहिलं, मग फिरवलं आणि कोऱ्या पुठ्ठ्यावर अंगठा ठेवला. "इथं खाली टाकीला पोचा होता. इथं माझं कोपर टेकायचं, तेवढाच रंग उडालेला. आणि खिडकीतून विहीर दिसायची, तिच्यावर एक वाकडं झाड."

"लिहून घ्या, लिहून घ्या," सेक्रेटरी मला म्हणाले.

विहीर चौकीतून दिसायची नाही, मध्ये बांध होता. इतकी वर्षं एवढ्या जवळ विहीर होती, हे मला त्या दिवशी कळलं. खरं सांगते, माझा हात पेन्सिलीकडे गेला होता. मधलं टेबल समोरच होतं. पण मी पेन्सिल उचलली नाही.

"हे तुम्ही पाहिलंत," मी ड्रायव्हरना म्हटलं. "मी केलं तर ती ऐकीव गोष्ट होईल."

सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला. ड्रायव्हर मात्र मान डोलवत राहिले. मग म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे. मलाही त्यांची बाजू आज पहिल्यांदा दिसतेय. असं करा, मांडणी मध्येच ठेवा आणि या कोऱ्या बाजूला मला एक खुर्ची द्या. जो इकडे येईल त्याला मी तोंडानं सांगेन."

"दिवसभर?"

"बावीस वर्षं बसलोय त्या बाजूला. एका दिवसानं काय होतंय?"

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि स्वतः जाऊन खुर्ची आणली. मी म्हटलं ना, माणूस वाईट नाही. चौघांनी मिळून फळी मधल्या टेबलावर चढवली.

ड्रायव्हर काठी टेकत माझ्या बाजूला आले आणि वाकून बघायला लागले. फाटक, चौकी, खिडकीतला फोन, कोनाड्यातली किटली. इंजिनच्या खिडकीत नखाएवढा फायरमन होता, डोक्याला रुमाल, एक हात बाहेर.

"हा तोच," ते हळूच म्हणाले. "रुमाल अस्साच बांधायचा." मग त्यांचं बोट चौकीसमोर येऊन थांबलं. "आणि फाटकवाली कुठाय?"

"तिला मी कुठं पाहिलंय? मी चौकीसमोर उभी असायचे. दिसायची ती गाडीतून."

"मीही नाही पाहिली," ड्रायव्हर म्हणाले. "त्यानंच काय ती पाहिली."

"कुठं असतात ते आता?"

"गेला. चार वर्षं झाली."

मला एकदम फार वाईट वाटलं. त्या माणसाशी मी आयुष्यात एक शब्द बोलले नव्हते. पण भर उन्हात, पावसात, तापानं फणफणलेली असताना मी तिथं उभी होते हे डोळ्यांनी बघणारा तो एकटाच होता. आता कुणाला विचारणार? सूनबाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

ड्रायव्हरनी खिशातून चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसला.

"उभ्या राहा जरा," ते म्हणाले.

"उभीच आहे की."

"असं नाही. ड्यूटीवर राहायचात तसं."

"फाटकवालीची बाहुली मी करणार नाही, आधीच सांगते."

"करू नका. मला बघायचंय."

मी पदर खोचला. टेबलापासून चार पावलं मागं गेले, टाचा जुळवल्या, पाठ ताठ केली आणि उजवा हात आडवा धरला. हातात काहीच नव्हतं. सेक्रेटरी काहीतरी विचारायला आले आणि दारातूनच मागे फिरले. ड्रायव्हरनी चष्मा डोळ्यांवर चढवला, खुर्ची माझ्याकडे वळवून घेतली आणि बघत बसले. त्यांना कसलीही घाई नव्हती.